‘कायमचे’ हा शब्द खटकला

‘कारखान्यांनी हाक दिली आणि लाखो लोक अमेरिकेत कायमचे स्थायिक झाले’ असं कारखाने आणि स्थलांतरावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. हे ‘कायमचे’ कुठून आणलं? दक्षिण इटलीतून आलेले कितीतरी गडी चार पैसे गाठीला बांधून गावी परतले. १९०७ साली न्यूयॉर्क बंदरातल्या एकट्या एलिस आयलंडवरून, म्हणजे स्थलांतरितांना तपासून आत सोडणाऱ्या ठाण्यावरून, सुमारे १० लाख माणसं अमेरिकेत आली. वर्षाअखेर बँका कोसळल्या, कामं थांबली आणि १९०८ मध्ये परतीच्या बोटी भरून जाऊ लागल्या. अटलांटिक ओलांडायला शिडाच्या जहाजाला कित्येक आठवडे लागायचे, आगबोटीला आठ-दहा दिवस. ज्या वाफेने येणं सोपं केलं तिनेच जाणंही सोपं केलं, हे लेखात यायला हवं होतं.

आणि लेखात शहर म्हटलं की कारखान्यांची धुराडीच दिसतात, पण शहर म्हणजे नुसती धुराडी नव्हेत हो! न्यूयॉर्कला ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही जुनी चाळवजा इमारत मी पाहिली आहे, आता तिथे संग्रहालय आहे. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, मिळून जेमतेम ३२५ चौरस फूट. नीट उजेड काय तो पुढच्या खोलीत, म्हणून कपडे शिवायचा धंदाही तिथेच. मधल्या खोलीत चूल, शेजारी इस्त्री तापतेय. कारखाना घरातच होता की!