फॅटी लिव्हरचा ग्रेड ही कर्करोगाची पायरी नव्हे

सोनोग्राफीच्या अहवालाविषयी एक मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यानुसार फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साचलेली चरबी, ग्रेड 1, 2, 3 असा चढत सिरोसिस (यकृत निबर आणि गाठाळ होणे) आणि शेवटी कर्करोगापर्यंत जातो. त्यामुळे ग्रेड 1 असेल, एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम) नॉर्मल असेल आणि माणूस दारू पीत नसेल, तर काळजीचे कारण नाही, असा त्याचा दावा आहे. तो कित्येकांना विनाकारण घाबरवतो आणि ज्यांनी खरोखर सावध व्हायला हवे त्यांना गाफील ठेवतो.

मूळ घोटाळा ग्रेडचा आहे. सोनोग्राफीत यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसते आणि त्यातील रक्तवाहिन्यांच्या कडा किती पुसट झाल्या आहेत, यावरून हा ग्रेड ठरतो. तो केवळ चरबीचा अंदाज असतो. कर्करोगाचा धोका मात्र मुख्यतः फायब्रोसिसवर, म्हणजे दीर्घकाळच्या दाहामुळे यकृतात साचत जाणाऱ्या तंतुमय ऊतींवर अवलंबून असतो. त्याच्या अवस्था एफ0 ते एफ4 अशा स्वतंत्रपणे मोजतात आणि एफ4 म्हणजे सिरोसिस. ग्रेड 3 असूनही फायब्रोसिस मुळीच नसेल, असे होऊ शकते. उलट सिरोसिस वाढत गेल्यावर चरबी कमी होऊ शकते, म्हणून नुसता ग्रेड उतरल्याने हुरळून जाऊ नये.

एसजीपीटीचा दिलासाही अपुरा आहे, कारण सिरोसिस झालेल्या रुग्णातही ते नॉर्मल येऊ शकते. वय, एसजीओटी (असेच दुसरे एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढलेला फिब-4 निर्देशांक 1.3 पेक्षा कमी असेल, तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते. जास्त असेल, तर फायब्रोस्कॅनसारखी (यकृताचा कडकपणा मोजणारी) पुढची तपासणी करावी लागते.

दारू न पिणाऱ्यांनाही लठ्ठपणा आणि टाइप 2 मधुमेहामुळे फॅटी लिव्हरपासून फायब्रोसिस आणि सिरोसिसपर्यंतचा हा सारा प्रवास घडू शकतो.

राहिला कर्करोग अटळ असल्याचा समज. फॅटी लिव्हर असलेल्या बहुसंख्य लोकांना यकृताचा कर्करोग कधीच होत नाही. त्यांच्यातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार आहे. वजन 7 ते 10 टक्क्यांनी घटल्यास दाह आणि काही जणांत फायब्रोसिसही कमी होतो. सिरोसिस झाल्यावर मात्र दरवर्षी साधारणपणे शंभरातील एक-दोघांना कर्करोग होतो, आणि क्वचित तो सिरोसिसविनाही होतो. म्हणूनच सिरोसिस असलेल्यांनी काहीही त्रास नसला तरी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी : दोन सेंटिमीटरची गाठ सहसा दुखत नाही, पण त्याच टप्प्यावर ती पूर्णपणे काढून टाकण्याची संधी सर्वांत मोठी असते.