होडी कुणी ढकलायची?

परवा रिलीज संपलं आणि कॉलवर क्लायंटकडचा इंग्रज खुशीत म्हणाला, "लेट्स पुश द बोट आउट!" मी चौदा माणसांसमोर विचारलं, कुठली बोट, आपल्या स्कोपमध्ये आहे का ती? दोन सेकंद शांतता. मग आमच्या मॅनेजरनी म्यूट केलं. मला, स्वतःला नाही.

नंतर कळलं, बोट वगैरे काही नसते, हात सैल सोडून जंगी खर्च करायचा असा त्याचा अर्थ. हे मी वैतागून गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना सांगितलं. काका मूळचे मालवणकडचे.

"होडी ढकलूची? केवढी?"

"अहो म्हणायची पद्धत आहे ती. म्हणजे पार्टी द्यायची."

"मगे पार्टी म्हणा. होडी मधी कित्याक?"

आणि काकांनी व्हिजिटर रजिस्टर बाजूला सारून टेबलावर तीन पेनं आडवी मांडली, ते ओंडके, त्यावर आपला वॉकीटॉकी ठेवला, ती होडी, आणि होडी पाण्यात कशी लोटतात ते मला सविस्तर दाखवलं, मागचा ओंडका उचलून पुढे कसा घालायचा इथपर्यंत. मागे कुरिअरवाला पार्सल घेऊन ताटकळत उभा. होडी टेबलाच्या कडेला आल्यावर काका थांबले.

"आणि पैशे कोण देता?"

"जो ढकलतो तो." (इंग्रजांच्या नौदलात सगळ्यांना दारू पाजण्याला असं म्हणायचे म्हणे.)

"ढकलणाऱ्यानंच देवचे? खुळे आसत काय ते? आमच्या रापणीक तुमी नुसतो हात लावलात तरी चार बांगडे गावतत!"

(रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं.) यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुरिअरवाल्याकडेही नव्हतं.

मुळात या म्हणींनी मला आधीच छळलंय. अप्रेझलला ऐकवलं होतं, तू एक्स्ट्रा माइल जात नाहीस. आता हे आलंय बायबलातून, मत्तयाच्या शुभवर्तमानातून. रोमन शिपाई वाटेतल्या कुणालाही धरून आपलं ओझं मैलभर वाहायला लावायचा, तर येशू म्हणाला, दोन मैल जा. म्हणजे पहिला मैल ही सरळसरळ वेठबिगारी, आणि पगारवाढीच्या मीटिंगमध्ये नेमकं तेवढंच कुणी सांगत नाही. शिवाय रोमन मैल दीड किलोमीटरचाही भरत नाही, आणि त्या लोकांना हिंजवडीच्या सिग्नलला चाळीस मिनिटं थांबावं लागत नव्हतं. मी रात्री अकरापर्यंत बसून जिवाचं रान केलं ते कुठल्या मैलात धरलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

असो. शुक्रवारी पार्टी झाली. मॅनेजरनी ग्लास उंच धरून "वी हॅव पुश्ड द बोट आउट" असं भाषण ठोकलं, क्लायंटला फोटो पाठवले, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना गूगल पेचा क्यूआर कोड. माणशी ४१२ रुपये. त्यात मसाला पापडही धरलाय, जो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

काकांना सांगितलं तर त्यांनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "बांगडे तरी होते?"

व्हेज होतं सगळं.