ई-२० पाजा, सही करा, गप्प बसा

आठ-दहा वर्षांची छोटी गाडी सर्व्हिसिंगहून घरी आली की बिल उलगडू नये. घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या कागदामागे सारून द्यावं. परवा उलगडण्याचा मूर्खपणा झाला. ११,८०० रुपयांच्या बिलात खरं काम जेमतेम चार हजारांचं निघालं, आणि गाडी चढणीला जशी धापत होती तशीच धापतेय. पंपावर आता मिळतं ते ई-२०, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल (ऊस-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे चार शहाणपणाचे बोल.

मायलेज मोजायचं नाही, हे पहिलं. टाकी ऑटो-कटपर्यंत भरली, ट्रिप मीटर शून्यावर आणला, तीनशे-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरली, की खरा आकडा समोर येतो आणि झोप उडते. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला (दहा टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे १८ देणारी गाडी १७ च्याही जरा खाली. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेतीन लिटर जास्त. लिटरला १०५ धरले तर पावणेचारशे रुपये. देशासाठी एवढंही करणार नाही? मिश्रणाचं पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त विकावं, असंही त्याच अहवालात सुचवलेलं होतं. ते पान बहुधा पावसात भिजलं.

पंपावर पेट्रोलची डेन्सिटी (घनता, भेसळीचा अंदाज त्यावरून येतो) विचारू नका, भरतात तेवढं पुरं भरतात का ते बघायला पाच लिटरचं माप मागू नका. तुमचा हक्क आहे, पण मागे रिक्षावाले हॉर्न देतात.

गाडी गणपतीला काढा, मग थेट शिमग्याला. मधल्या काळात पाव टाकी पेट्रोलवर, फणसाखाली ताडपत्री घालून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होऊन टाकीच्या पत्र्यावर पाणी धरते, आणि इथेनॉल ते पाणी आनंदाने पोटात घेतं. थोडं पाणी ते जिरवतंही. पण पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतच पागोळीचं पाणी शिरलेलं असेल, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. तुमचा फ्युएल पंपही तळातूनच ओढतो, हा केवळ योगायोग. गाडी लावून ठेवायची असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी, पंधरा दिवसांनी वीसेक किलोमीटर फिरवून आणावी, वगैरे सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांना कामधंदा नाही.

पेट्रोल तपासायचं तर मुळीच नाही. उगाच कुणी १०० मिलीची काचेची मोजनळी आणतो, तीत १० मिली पाणी घालतो, वर ९० मिली पेट्रोल ओततो, बूच लावून हलवतो आणि दहा मिनिटं ठेवून देतो (चुलीपासून लांब, एवढी अक्कल धरून चालतो). इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर १० वरून साधारण २८ वर येतो. वाढलेले १८ म्हणजे ९० चे २० टक्के. त्याच्या फार वर गेला, तर पंपवाल्याशी भांडण आलं. कशाला हवं?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर ‘ई-१० पर्यंत’ असं छापलेलं असेल, तर त्यावर स्टिकर चिकटवा. गणपतीचा चालेल.

आता सर्वांत महत्त्वाचं: जॉब कार्ड, म्हणजे गॅरेजवाले करायची कामं लिहून सही घेतात तो कागद, वाचायचं नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला, चढणीला गाडी मार खाते, एवढं सांगून मोकळं व्हायचं. सर्व्हिस ॲडव्हायझर सांगेल, “थंडीमुळे होतं काका.” मालवणात थंडी! मग स्कॅनर लावून ‘पी ०१७१’ हा बिघाडाचा कोड वाचेल आणि ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगेल. बिचारा सेन्सर एवढंच कळवत असतो की मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी. वजनाने एक भाग पेट्रोल जळायला हवा लागते १४.७ भाग, इथेनॉलला ९, ई-२० ला साधारण १३.५. ई-१० वरून ई-२० वर आलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चारेक टक्के जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करतो. हा आकडा ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतो. चार, पाच, अगदी आठ दिसला तरी समजू शकतो. पंधरा-वीस दिसत असेल, तर ते नुसत्या इथेनॉलचं काम नाही: एकतर पेट्रोल पुरेसं पोचत नाही, नाहीतर कुठून तरी हवा ओढली जातेय. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला चिकटा सोडवतं, तो जाऊन फिल्टरवर बसतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा फिल्टर पंपाबरोबर टाकीतच, मागच्या सीटखाली असतो. सपाटीला चालून जातं, चढणीला इंजिन जास्त मागतं आणि पेट्रोलचं प्रेशर पडतं. प्रेशर गेज लावा, अशा इंजिनांना साधारण ३ बार हवं, रेस केल्यावर काटा खाली येतो का ते बघा. पंधरा मिनिटांचं काम! मग रबरी नळ्या बोटांनी दाबा. फुगलेली, चिकट, भेगाळलेली असेल तर इथेनॉलला टिकणारी घाला, हार्डवेअरच्या दुकानातली मीटरवर मिळणारी नव्हे.

यातलं काय केलं? थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९००, इंजेक्टर क्लीनिंग १,४५०, टाकीत ओतायची बाटली ६५०, एसी डिसइन्फेक्शन १,१००, ‘कन्झ्युमेबल्स’ (म्हणजे काय, ते ब्रह्मदेवाला ठाऊक) ४८०, आणि अंडरबॉडी कोटिंग ३,२००. भर पावसाळ्यात, ओल्या पत्र्यावर कोटिंग! खाऱ्या हवेचं मीठ आणि ओल आत कोंडून वरून डांबर फासलं की गंज सुखाने वाढतो. अरे मेल्यांनो, आधी प्रेशर तरी बघा!

इथेनॉल वाईट नाही. उसाला पैसे मिळतात, तेलाची आयात घटते, सगळं मान्य. पण बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे निवड नाही, तर मग भाव तरी उतरवा. ई-२० ला टिकणारे भाग सरसकट यायला लागले एप्रिल २०२३ पासून. त्याआधीची कोट्यवधी वाहनं रस्त्यावर आहेत, त्यांच्या नळ्या आणि पंप कोण बदलून देणार? काही होत नाही म्हणताय ना? मग लिहून द्या.

आणि तुम्ही. मासळीबाजारात सुरमईचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय पाकिटाला हात न लावणारी माणसं तुम्ही. अकरा हजारांच्या कागदावर चष्मा न लावता सही करता, वर “बरं हां, थँक्यू” म्हणता. लाज वाटू दे थोडी. पुढच्या खेपेला पेन धरण्याआधी जुना फिल्टर मागा. बदललाय म्हणतात ना, मग हातात आणून देऊ देत.