दिल्लीच्या सेमिनारांचं आम्हाला काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

संरक्षण-अभ्यास करणाऱ्या संस्थांच्या येत्या कार्यक्रमांवरचं माझं टिपण तुम्ही वाचलंत आणि त्यावर सविस्तर, सडेतोड लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था काय किंवा पुणे विद्यापीठाचा संरक्षणशास्त्र विभाग काय, ही सगळी निवृत्त अधिकाऱ्यांची सोय आहे. सरकारच्या पैशावर चालणारे लोक सरकारला काय सुनावणार? सेमिनार होतात, फोटो निघतात, पुढे काहीच होत नाही. चर्चाही बंद दाराआड. आणि मराठी वाचकाला त्या दिल्लीच्या तारखांशी काय देणंघेणं? शेवटी तुम्ही विचारलंत, 'कर भरणाऱ्या माणसाला यातून काय मिळतं?'

हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर देणारच आहे. आधी मराठी वाचकाचं बोलू.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. धावून गेल्यावर सह्याद्रीने तिथे काय केलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा चीनकडून झालेल्या पराभवाने सैन्य खचलेलं होतं आणि मंत्रालयावरचा लोकांचा विश्वास उडाला होता. त्यांनी सैन्याची उभारणी केली, हे तर खरंच. पण युद्ध, शेजारी देश, शस्त्रं, त्यांवरचा खर्च या सगळ्याचा विचार गणवेशाबाहेरच्या आणि सचिवालयाबाहेरच्या माणसांनीही करायला हवा, ही गरज त्यांनी ओळखली. त्यांच्याच पुढाकाराने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनॅलिसिस सुरू झाली. पाकिस्तानशी शस्त्रसंधी होऊन तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. संस्था काढण्यात पुढाकार कराडच्या माणसाचा, आज नाव म्हापशाच्या माणसाचं. तिच्या बातम्या मराठीत द्यायला मला आणखी कारण लागत नाही.

आता सरकारी पैशाचा मुद्दा. संस्थेला पैसा संरक्षण मंत्रालयाकडून येतो, यात लपवण्यासारखं काही नाही. त्याचा दबाव कधीच येत नसेल असं मी म्हणणार नाही. पण मिंधेपणाच गृहीत धरायचा असेल तर के. सुब्रह्मण्यम यांचं काय करायचं? हे आयएएस अधिकारी १९६८ मध्ये या संस्थेचे संचालक झाले. ३१ मार्च १९७१ रोजी, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाक्यात, पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, दिल्लीतल्या एका परिसंवादात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की पाकिस्तानचं विभाजन भारताच्या हिताचं आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. सरकारची तेव्हाची भूमिका ही नव्हती. सरकार थांबलं, युद्ध डिसेंबरात झालं. सुब्रह्मण्यम यांचं ते वाक्य पाकिस्तानने भारताच्या कटाचा पुरावा म्हणून जगभर मिरवलं, म्हणजे दिल्लीला त्याची अडचणच झाली. तरी ते १९७५ पर्यंत संचालक राहिले, आणि १९८० ते १९८७ पुन्हा त्याच खुर्चीवर होते. पुढे १९९९ मध्ये पद्मभूषण देऊ केलं तर ते त्यांनी घेतलं नाही. नोकरशहांनी आणि पत्रकारांनी सरकारकडून सन्मान घेऊ नयेत, हे त्यांचं मत होतं. त्यांच्या अण्वस्त्रविषयक भूमिकेशी माझं अनेकदा जमत नाही, पण या माणसाला कोणी सरकारी भाट म्हटलेलं मला खपणार नाही.

'सेमिनारात काही होत नाही' या तुमच्या वाक्यावर जरा रेंगाळतो, कारण आत काय चालतं हे बाहेर फारसं कोणी सांगत नाही. दिल्लीच्या संस्थेत 'फेलो सेमिनार' म्हणून एक प्रकार आहे. अभ्यासकाला आपला पेपर आधी लिहून द्यावा लागतो आणि तो समीक्षकांकडे जातो. त्यातले काही संस्थेतले असतात, काही मुद्दाम बाहेरून बोलावलेले. सेमिनारच्या दिवशी अभ्यासक थोडक्यात मांडणी करतो आणि मग समीक्षक एकेक करून पेपर फाडायला घेतात. ही आकडेवारी कुठली? हा निष्कर्ष तुमच्याच तिसऱ्या भागाशी विसंगत नाही का? चिनी भाषेतला मूळ दस्तऐवज पाहिलात की इंग्रजी भाषांतरावर भागवलंत? मग बाकीच्यांची पाळी. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, हे तुमचं खरं. पण पुढे 'स्ट्रॅटेजिक अ‍ॅनॅलिसिस'सारख्या नियतकालिकात जो लेख येतो, तो अशा भट्टीतून निघालेला असतो.

बंद दाराचं म्हणाल, तर बऱ्याच चर्चा 'चॅटम हाऊस नियमा'खाली होतात. लंडनच्या चॅटम हाऊस या परराष्ट्र-धोरण अभ्यासणाऱ्या संस्थेने १९२७ मध्ये घालून दिलेला हा नियम साधा आहे: इथे ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. सेवेत असलेला कर्नल किंवा सहसचिव आपल्याच खात्याच्या योजनेतली भोकं जाहीरपणे दाखवू शकत नाही. नियम आड येतात, बढती आड येते. नाव बाहेर फुटणार नाही याची खात्री असली की तो बोलतो. हे दार सताड उघडलंत तर आतली माणसं गप्प होतील आणि तुम्हाला ऐकायला मिळेल ते फक्त छापील भाषण.

आणि जाहीर मंचावर काही घडतच नाही असंही नाही. जुलै २०२१ मध्ये एका थिंक टँकच्या, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या, परिसंवादात तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख (सीडीएस) जनरल बिपिन रावत म्हणाले की हवाई दल हे तोफखान्यासारखं किंवा इंजिनिअर्ससारखं साहाय्यक दल आहे. त्याच कार्यक्रमात हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी हे मान्य नसल्याचं सांगितलं: हवाई दलाची भूमिका निव्वळ साहाय्याची नाही. तिन्ही दलांच्या संयुक्त थिएटर कमांडवरून आत किती खोल मतभेद आहेत, हे देशाला त्या दिवशी थेट दोन प्रमुखांच्या तोंडून कळलं. संसदेच्या चर्चेतून ते कळलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कर भरणाऱ्याचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये दिले गेले. त्यातले १ लाख ६० हजार कोटींहून अधिक केवळ निवृत्तिवेतनाचे. एवढ्या मोठ्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत अनेकदा 'गिलोटिन'ने, म्हणजे चर्चेविना मंजूर होतात. संसदेची स्थायी समिती अहवाल देते, पण तो वाचून सामान्य माणसाला समजेल असं मांडणारे लोक हवेत ना? ते अभ्यासक तयार होतात ते याच संस्थांत आणि विद्यापीठांच्या याच विभागांत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली, सैन्याची लढाऊ ताकद वाढवायची आणि अनावश्यक खर्च कमी करायचा यासाठी. त्या शिफारशींमधून देशभरातली ३९ लष्करी गोशाळा-डेअरी फार्म बंद करायचं ठरलं. यातलं पहिलं फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघालं होतं. दूध बाजारात सहज मिळू लागल्यावरही किती वर्षं सैन्याची माणसं त्यात अडकून पडली होती, याचा हिशेब कोणीतरी मांडावा लागतोच.

मला वाटतं तुमचा राग योग्य आहे, पण तो चुकीच्या दारावर निघाला आहे. ज्या दाराला खरंच कुलूप आहे ते सेमिनारचं नाही, कागदपत्रांचं आहे.

१९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमसिंग भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत तिचा गोषवारा निवेदनातून मांडला, पण अहवाल मांडला नाही. तेव्हा सैन्य पुन्हा उभं करायचं होतं, त्यामुळे तो निर्णय मी समजू शकतो. पण २०१० मध्येही संसदेत उत्तर हेच होतं की मजकूर अतिशय संवेदनशील आहे आणि लष्करीदृष्ट्या आजही महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये त्यातला मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. म्हणजे चिनी अभ्यासक तो वाचू शकतो आणि भारतातल्या विद्यापीठातल्या मुलीने प्रबंधात त्याचा आधार घेतला तर तिला अधिकृत प्रत दाखवता येत नाही. याचा मला मनापासून संताप येतो. सेमिनार पोकळ होतात ते अशामुळे.

कारगिलच्या वेळी उलट घडलं. लढाई संपते न संपते तोच, २९ जुलै १९९९ रोजी, समिती नेमली गेली. अध्यक्ष तेच के. सुब्रह्मण्यम. सदस्यांत पत्रकार बी. जी. व्हर्गीस होते. अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत आला, काही भाग वगळून का होईना. लोकांनी तो विकत घेतला, वाचला, त्यावर भांडले. त्यावर मंत्रिगट बसला, तिन्ही दलांचं एकात्मिक संरक्षण कर्मचारी मुख्यालय झालं, संरक्षण गुप्तचर यंत्रणा आली, आणि संरक्षणदल प्रमुखाचं पद रेंगाळत रेंगाळत १ जानेवारी २०२० ला प्रत्यक्षात आलं. त्याच समितीने आणखी एक गोष्ट सांगितली होती: युद्धांचे इतिहास लिहा आणि कागद खुले करण्याचं स्पष्ट धोरण ठरवा. हे धोरण यायला जून २०२१ उजाडलं. युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती, त्यानंतर तीन वर्षांत इतिहासाचं संकलन, आणि सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी कागद खुले, असं त्यात म्हटलं आहे. ज्या सुब्रह्मण्यम यांनी सगळं आयुष्य या अभ्यासात घातलं त्यांच्याच समितीने ही शिफारस केली, हा योगायोग नाही.

तुमच्या दोन तक्रारींशी मी सहमत आहे. व्यासपीठावर निवृत्त अधिकाऱ्यांची गर्दी फार असते. अर्थशास्त्र, भूगोल, चिनी किंवा पश्तू भाषा शिकलेल्या तरुण अभ्यासकांना, त्यातही मुलींना, जास्त वेळ मिळायला हवा. दुसरं, मराठीत जवळजवळ काहीच येत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीला संरक्षणशास्त्र हा विषय आहे, मुलं तो आवडीने घेतात, आणि पदवीनंतर त्यांच्या हातात फक्त इंग्रजी पीडीएफ उरतात. म्हणून मी या बातम्या मराठीत देतो आणि देत राहणार.

पैसे न देता वाचायचं असेल तर दिल्लीच्या संस्थेचं 'जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज' तिच्या संकेतस्थळावर मोफत आहे. संस्थेत सोमवारी सकाळी होणाऱ्या चर्चा-बैठकांचे वृत्तांतही तिथेच येतात. प्रश्न पाठवायलाही सोय आहे, आणि तिथले अभ्यासक नावानिशी उत्तर देतात. पुण्यात असाल तर विद्यापीठात माजी लष्करप्रमुखांच्या नावाने होणाऱ्या जनरल बी. सी. जोशी स्मृती व्याख्यानाला जरूर या. पुढच्या रांगांत माजी अधिकारी असतात, मागे एमएची मुलं वह्या घेऊन. व्याख्यान संपल्यावर प्रश्नांना वेळ देतात आणि सगळ्यात अवघड प्रश्न बहुधा मागच्या रांगांतून येतो.

येताना एक प्रश्न माझ्याकडूनही घेऊन या. २०२१ च्या धोरणाप्रमाणे आजवर कोणत्या मोहिमेचा इतिहास लिहून पूर्ण झाला, आणि १९६२ चा अहवाल खुला करण्याविषयी मंत्रालयाचं आजचं म्हणणं काय आहे? व्यासपीठावर जो कोणी असेल त्याला हे सगळ्यांसमोर विचारा.