‘एका दातावरून अख्खा माणूस’? त्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं असं: शास्त्रज्ञ एका दातावरून अख्खा माणूस उभा करतात, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा ‘हॉबिट’ (बुटका प्राचीन मानव) म्हणजे कुणी आजारी माणूस होता, जॉर्जियातल्या कवट्यांनी सगळे प्राचीन मानव एकच असल्याचं सिद्ध केलं, आणि नावं सारखी बदलतात म्हणजे सगळाच बनाव.

दाताचं आधी उरकून घेऊ. १९२२ साली जीवाश्मतज्ज्ञ हेन्री ऑसबॉर्न यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या एका झिजलेल्या दाढेवरून नवा वानर जाहीर केला, हे खरं. ‘अख्खा माणूस’ मात्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाच्या चित्रकाराने रंगवला. त्या जागी पुन्हा खोदकाम झालं आणि दाढ डुकरासारख्या दिसणाऱ्या पेकरीची निघाली. १९२७ मध्ये तसं छापून आलं. चूक पकडणारेही शास्त्रज्ञच होते, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

हॉबिटचं प्रकरण मात्र खरंच रंगलेलं. इंडोनेशियात लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये सापडलेल्या या सांगाड्याची उंची जेमतेम १०६ सेंटिमीटर, मेंदू ४०० घनसेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एक तृतीयांशही नाही. आजाराची शंका पहिल्यांदा तज्ज्ञांनीच काढली, आणि ती रास्तच होती. मग २००७ मध्ये मनगट तपासलं गेलं. तर्जनीच्या मुळाशी एक छोटं हाड असतं. आपल्यात आणि निअँडरथलांत (युरोप-आशियातले नामशेष मानव) ते बुटासारखं, वानरांत पाचरीसारखं. हॉबिटचं पाचरीसारखं निघालं. हा आकार गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच ठरतो. डोकं खुरटवणारा आजार त्याला वानराचं वळण देत नाही. त्यात २०१६ मध्ये त्याच बेटावरच्या माता मेंगे इथले सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचे जबड्याचा तुकडा आणि दात जाहीर झाले, तेही तितकेच चिमुकले. आता एवढी लाखो वर्षं बेटावर पिढ्यान्‌पिढ्या एकच आजार होता म्हणायचं का?

जॉर्जियात, दमानिसीला, सुमारे १७.७ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या मिळाल्या. पाचवीचा मेंदू अवघा ५४६ घनसेंटिमीटर, जबडा मात्र दांडगा. २०१३ च्या शोधनिबंधाने म्हटलं, की या पाचांत जेवढा फरक आहे तेवढा आजच्या कुठल्याही पाच माणसांत किंवा पाच चिंपांझींत सापडेल; तेव्हा ‘होमो’ या मानवी कुळातल्या हॅबिलिस, इरेक्टस वगैरे सुरुवातीच्या जाती एकाच वंशातल्या असू शकतील. निअँडरथल किंवा हॉबिट यांच्याबद्दल हा दावा नव्हताच. शिवाय तो सगळ्यांना पटलेलाही नाही. नवी नावं द्यायची घाई होते, एवढं मात्र मी मान्य करेन: याच पाचव्या कवटीच्या जबड्यावरून २००२ मध्ये ‘होमो जॉर्जिकस’ काढून झालं होतं!

राहिला बदलत्या नावांचा मुद्दा. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोराला १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग सापडला. आधी तो इरेक्टस ठरला, पुढे इतरांनी पुरातन सेपियन्समध्ये, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपांत, नेला. चेहरा नाही, दात नाहीत, मेंदूच्या आकाराचा अंदाजच ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर एवढा लांबरुंद. इतक्या पुराव्यावर ठाम नाव कोण देणार? याउलट चीनमधली हार्बिनची कवटी जवळपास अखंड. २०२१ मध्ये तिला ‘होमो लाँगी’ नाव मिळालं, २०२५ मध्ये तिच्या दातावरच्या किटणातून डीएनए निघालं आणि ती डेनिसोव्हनांच्या (आशियातले नामशेष मानव) गोतावळ्यात गेली. कवटी तीच आहे, पुरावा वाढला.