मोठं माणूस पाहिजे, पण एवढं मोठं नको

दोन तास दहा मिनिटं. एवढ्या वेळात सोलापुरातून निघालेला माणूस टेंभुर्णीला चहा पिऊन इंदापूर ओलांडतो. आणि मी एवढ्या वेळात स्टीलच्या पाईपांमधून इकडून तिकडं, तिकडून इकडं, नांगराला जुंपलेल्या बैलासारखा फिरत होतो, आणि शेवटाला पदरात काय पडलं, तर "सॉरी सर, क्लिक होत नाहीये."

पार्कचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. पोराला नाताळच्या सुट्ट्या, मेहुणा पुण्यात, बायको म्हणाली जाऊया की, पोरगं तर महिनाभर व्हिडिओ बघून बघून त्या रोलर कोस्टरची वळणं तोंडपाठ करून बसलेलं. गेलो. गेटवरच पहिला दणका. बाहेरचं खाणं आत चालत नाही. कडक भाकरी काढा, शेंगाची चटणी काढा. त्या सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडला, वास घेतला आणि मला विचारतो, "काका, ही मिसळीची पावडर आहे का?" मिसळीची पावडर! मी तिथंच परत फिरायला पाहिजे होतं. पण तिकिटं आधीच ऑनलाईन काढलेली, नॉन रिफंडेबल, त्यामुळं अपमान गिळून आत. आत वडापाव घेतला एक, त्या पैशात आमच्याकडं चौघांचा नाष्टा होतो वर चहा.

असो. लाईन. बोर्डावर लिहिलेलं, इथून 60 मिनिटं. कुणाच्या घड्याळातली 60 मिनिटं ते लिहिलं नव्हतं. पाऊण तास झाला तरी आम्ही त्याच बोर्डाच्या शेजारी, फक्त रेलिंगच्या पलीकडच्या बाजूला. पुढं एक पोरगं उभं होतं, एकटंच, गरीब दिसणारं, कानात हेडफोन घातलेलं. मला वाटलं चला, हे तरी बरंय, आपल्यापुढं एकच. वीस मिनिटांनी मागून "एक्स्क्यूज मी, आमचे पुढे आहेत" करत अकरा जण आले. अकरा! मोजले मी. त्यातल्या एका बाईच्या हातात आईस्क्रीम, म्हणजे हे लोक निवांत फिरून, खाऊन येणार, आणि ते एक पोरगं म्हणजे यांचा रुमाल, एसटीच्या खिडकीतून टाकलेला. मी बोललो. बायकोनं आधीच सांगून ठेवलेलं, तिथं जाऊन भांडू नका (ती खाली बाकावर पिशव्या राखत बसलेली, लॉकरचं भाडं ऐकून), पण मी बोललोच. तर त्यातला एक मला म्हणतो, "अंकल, चिल." चिल म्हणे. पाठीवरून घाम शर्टात उतरत होता, आणि चिल.

आणि ते एक्सप्रेसवाले. दुप्पट पैसे दिले की वेगळं दार. सोलापूरकर माणूस नळाला पाणी कधी येईल म्हणून पहाटे तीनला उठून बसतो, वाट बघण्यात आमचा हात कोण धरणार, त्याचं वाईट वाटत नाही मला. पण आपण तास दीड तास उभं राहून वर पोचावं आणि बाजूच्या दारातून गॉगल लावलेली चौघं हसत यावीत, दोरी सोडून त्यांना आधी बसवावं, हे बघवत नाही. त्यात गाडी एकच चालू. दुसरी बाजूला ताडपत्री घालून झाकून ठेवलेली. मेहुणा इंजिनिअर आहे, तो समजावत होता की दाजी, दोन गाड्या असल्या की एक वर फिरते तोवर दुसरी भरते, एकच असली की ती येईपर्यंत आणि लोक उतरेपर्यंत सगळं ठप्प. मी घड्याळ लावून बघितलं, 20 सीटा, दर चार मिनिटाला एक फेरी, म्हणजे तासाला 300 माणसं. त्यातून एक्सप्रेसवाले वजा करा. माझ्यापुढं किमान पाचशे डोकी. तिसरीचं गणित आहे, मग तो 60 चा बोर्ड लिहिणारा कितवी शिकला? आणि राईड किती वेळाची? दोन मिनिटं पण नाही.

आता मेन मुद्दा. खाली लाईनीच्या तोंडाशीच उंची मोजायची पट्टी. 140 सेंटिमीटरच्या वर असाल तर एकटे बसा, 120 ते 140 असाल तर सोबत मोठं माणूस पाहिजे, 120 च्या खाली असाल तर घरी जा. आमचं पोरगं 126. टाचा उचलायचा प्रयत्न केला त्यानं, तिथल्या पोरीनं हसून खाली दाबलं, पण पास केलं आणि मनगटाला कागदी पट्टा बांधला. तो पट्टा पोरगं दोन तास असा धरून होतं जसं काय लग्नातलं कंकण. मला कुणी काही मोजलं नाही. मला बघितलं मात्र नीट. वरून खाली बघितलं, आणि जा म्हणली.

वर प्लॅटफॉर्मवर पोचलो. आमच्या पुढची गाडी भरत होती, एक सीट रिकामी राहिली, तिथला पोरगा ओरडला, "सिंगल कोण आहे, सिंगल?" आणि माझ्या मेहुण्यानं, माझ्या बायकोच्या सख्ख्या भावानं, हात वर केला. "दाजी, तुम्ही या दोघं मागच्यातून" म्हणून गेला पण. दोन तास आमच्यासोबत उभा राहिलेला माणूस. रिकामी सीट दिसली की नातं संपलं.

मग आमची पाळी. पोरगं बसलं, त्याचं खांद्यावरून जू खाली आलं, खट्, खट्, खट्, झालं. माझं आलं, पोटावर येऊन थांबलं. खाली सीटमधून एक पट्टा येतो तो त्या जूला लागला पाहिजे, तो लागेना. एवढंसं अंतर, काडेपेटीएवढं. तो पोरगा म्हणाला, "सर, मागे सरका." सरकलो. "सर, श्वास सोडा." सोडला. मग त्यानं दुसऱ्या पोराला बोलावलं. दोघांनी मिळून दाबलं, एकानं गुडघा सीटला टेकवून, जशी आम्ही लग्नाच्या गावाला जाताना बॅगेवर बसून चेन लावतो. मागच्या रांगेतून कुणीतरी "जोर लगा के" म्हणलं. अख्खी गाडी थांबलेली, 18 माणसं बघतायत, त्यात ते आईस्क्रीमवालं कुटुंब, आणि माझं पोरगं शेजारून हळूच म्हणतंय, "पप्पा, सकाळी पोहे दोनदा कशाला घेतले?"

"सॉरी सर, क्लिक होत नाहीये. तुम्हाला उतरावं लागेल." ठीक आहे बाबा, उतरतो, पोराला तरी जाऊ दे. "सर, त्यांना सोबत ॲडल्ट कंपल्सरी आहे." म्हणजे पोराला सोबत मोठं माणूस पाहिजे, आणि मोठं माणूस आणलं तर ते जास्त मोठं! शेजारी कुणी घेईल का पोराला, विचारा की. नाही सर, फॅमिलीतलंच पाहिजे. फॅमिलीतला नुकताच सिंगल म्हणून वर गेलाय बे, तो बघ तिकडं उलटा लटकून ओरडतोय! बायकोला खालून बोलावू का? बोलवा सर, पण लाईनीतून यावं लागेल.

दोघं उतरलो. बाजूच्या एका लहानशा दारातून बाहेर. मेहुणा नंतर सांगतो, ऐनवेळी घाबरून परत फिरणाऱ्यांचं दार ते, या धंद्यात त्याला चिकन एक्झिट म्हणतात. आमच्या घरात आजवर अंडं शिजलेलं नाही, आणि बाप-लेक चिकन एक्झिटमधून बाहेर.

पोरगं रडलं नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं. तो कागदी पट्टा काढायला गेलं, निघेना, मग दातानं तोडला.

मापाचा हा छळ मला नवा नाही. एसटीत तिघांच्या सीटवर मी बसलो की तिसरा माणूस उभं राहणं पसंत करतो. सगळ्या देशाच्या शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या गावात मला तयार शर्ट मिळत नाही, दुकानदार लांबूनच मान हलवतो. आणि उंचीच्या अटींचं तर सोलापूरकरांना सांगूच नका. इतकी वर्षं आम्ही विमानतळाशेजारच्या साखर कारखान्याच्या चिमणीची उंची जास्त म्हणून विमानाला मुकलो, 2023 ला ती पडली, आणि आता पोराची उंची कमी म्हणून पाळण्याला मुकलो. तिच्यातली 14 सेंटिमीटर पोराला चिकटवली असती तरी भागलं असतं.

आणि लाईनीत उभं राहायचं म्हणाल तर पंढरपूर आमच्या जिल्ह्यात आहे. बारीत रात्र रात्र काढलेली माणसं आम्ही. पण तिथं शेवटाला पायावर डोकं टेकता येतं की ओ. पांडुरंग स्वतः कमरेवर हात ठेवून उभा आहे, दुसऱ्याची कंबर मोजत नाही.

हे सगळं रात्री मेहुण्याच्या घरी मी मोठ्या आवाजात बोललो. त्यानं ऐकून घेतलं (अपराधी होता ना), आणि मग मोबाईलवर एक बातमी दाखवली. 2022 चा मार्च, अमेरिकेतलं ओरलँडो, वरून खाली सोडणारा उंच टॉवर. 14 वर्षांचा पोरगा, अंगानं थोराड, तिथल्या वजनाच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त. त्याच्या सीटचा सेन्सर हातानं ढिला करून ठेवलेला, त्यामुळं जू पूर्ण बसलेलं नसताना मशीननं हिरवा दिवा दिला, आणि खाली ब्रेक लागताना पोरगा त्या फटीतून निसटला. गेला. ते वाचून मी गप्पच बसलो. ती काडेपेटीएवढी फट डोळ्यापुढून जाईना. म्हणजे ज्या दोन पोरांना मी दिवसभर शिव्या घातल्या ती गुडघा टेकवून दाबणारी पोरं, त्यांनी लागत नाही तर नाही म्हणलं, हे बरोबरच केलं. लई चिडून असतानाच आपण चूक आहे हे कळणं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

पण थांबा, अर्धंच चूक. ती सीट खाली का नाही ठेवत? फ्लोरिडातल्या मोठ्या पार्कात राईडच्या बाहेरच तसलीच एक सीट मांडलेली असते, लाईनीत शिरायच्या आधी बसून बघा, लागलं तर जा, नाही तर तुमचा वेळ वाचला. एक सीट, एक पट्टा, एक खुर्चीची जागा. पोराची उंची खाली मोजता मग बापाचं पोट वर कशाला, तेही अठरा जणांसमोर? ती खाली बसलेली पोरगी बघत होती की मला. तिला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं.

येताना गाडीत पोरगं तासभर गप्प होतं, मग भिगवणच्या पुढं विचारलं, "पप्पा, मी 140 चा होईपर्यंत तुम्ही किती किलोचे व्हाल?" बायको खिडकीकडं तोंड करून हसत होती, खांदे हलताना दिसत होते.

मी म्हणलं जाऊ दे रे, पंधरा दिवसात गड्डा आहे, आपल्या सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, त्यात आपल्या लोकांची ती पांढरी बाराबंदी बघ, बारा बंद, पोट वाढलं तर बंद सैल बांधायचा, विषय संपला. आणि होम मैदानावरच्या पाळण्यात ना पट्टी ना क्लिक. मी हे सगळं लई जोरात सांगत होतो. तर बायको म्हणते, "गेल्या वर्षीचं विसरलात होय?"

विसरलो नव्हतो. आकाशपाळण्यात सगळी बसली, माझी पाळी आली, आणि पाळणेवाल्यानं दांडा आडवा धरला. "मालक, जरा थांबा. समोरच्या पाळण्यात तिघं आले की तुम्हाला बसवतो, नायतर हे फिरतंय कसं?" आणि मग अख्ख्या गड्ड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "तिघं पाहिजेत ओ, तिघं! जरा वजनाची बघून पाठवा!"

वीस मिनिटं थांबलो होतो.