जावईबापूंच्या पुंगळ्या

जावयाचे बोलणे सासऱ्याने मध्येच तोडू नये, हा संकेत आमच्या सांगलीत ज्याने कोणी रूढ केला, त्याच्या काळी व्हिडिओ कॉल नव्हते. आमचे जावईबापू टेक्सासमध्ये राहतात, शनिवारी मैदानावर जाऊन रायफल चालवतात आणि रात्री गॅरेजमधल्या बाकापाशी बसून, झाडून झालेल्या काडतुसांची नवी काडतुसे तयार करतात. त्यांची शनिवारची रात्र ही सांगलीच्या विश्रामबागेतली रविवारची सकाळ असते. नातवाचे तोंड दिसेल या आशेने मी पोह्यांची बशी घेऊन फोनसमोर बसतो, आणि पडद्यावर अवतरते ती पितळेची पुंगळी, तीही इतक्या जवळून की तिच्या बुडावरची अक्षरे मला चष्म्याशिवाय वाचता यावीत.

काडतुसाला चार अंगे असतात, हे मला आता झोपेतही सांगता येईल. पुंगळी, तिच्या बुडात बसणारी प्रायमरची, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी. यांपैकी दारू जळून जाते, गोळी मातीच्या बांधात रुतते, टोपी एकदा ठेचली की तिचे काम संपते. परत येते ती केवळ पुंगळी, सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेची. चारांमध्ये सहसा सर्वांत महागही तीच असते, तेव्हा ती पुन्हा वापरणे म्हणजे शुद्ध बचत, असा जावईबापूंचा सिद्धांत आहे. माझे आयुष्य सहकारी बँकेत इतरांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे या सिद्धांताकडे मला आदराने पाहता येत नाही. पुंगळी दाबण्याचे यंत्र, तिचे साचे, दारू तोलण्याचा काटा, लांबी मोजण्याचे कॅलिपर आणि पुंगळ्या घासणारा ड्रम यांची किंमत त्यांनी कधी खर्चात धरलेली नाही. शिवाय एका काडतुसामागे जे पैसे वाचतात, त्यांत ते आणखी काडतुसे भरतात आणि झाडतात. याला आमच्या बँकेत बचत म्हणत नसत.

पण मला बोलता येत नाही, कारण माझ्या शेजारी सौभाग्यवती बसलेल्या असतात. त्यांनी लग्नापासूनची सुतळी, तुपाचे डबे आणि मिठाईच्या खोक्यांवरच्या फिती जपून ठेवल्या आहेत, आणि सातासमुद्रापलीकडे आपल्यासारखाच एक जीव आहे हे कळल्यापासून त्या कॉल संपू देत नाहीत. पुंगळ्या कशाने घासता, या त्यांच्या एका प्रश्नावर जावईबापू फार वेळ बोलले. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंड्यांचा भरडा ड्रममध्ये घालून पुंगळ्या त्यात तासन् तास हलवत ठेवतात. अधिक चकाकी हवी असेल तर पाणी, पोलादाच्या बारीक काड्या आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. "म्हणजे लिंबूसत्वच की हो!" असे म्हणून सौभाग्यवतींनी देवाची भांडी चिंचेने घासण्याची आपली पद्धत सविस्तर सांगितली आणि जावईबापूंनी ती वहीत उतरवून घेतली. मग सौभाग्यवतींनी भरीस भर म्हणून बाजारात मिळणाऱ्या, नाकात झोंबणाऱ्या पितळपॉलिशची शिफारस केली, तेव्हा मात्र जावईबापू खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. त्या झोंबण्यामागे अमोनिया असतो, आणि अमोनियाने पितळेला चिरा जातात.

त्या सकाळी मला जी एकमेव गोष्ट मनापासून आवडली, ती इथून निघाली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत आणि दमट हवा सरता सरता त्यांच्या पुंगळ्या आपोआप तडकलेल्या आढळत. कारणाचा उलगडा १९२१ साली झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. साम्राज्याच्या दारूगोळ्याला आपला पाऊस आणि त्यांचेच घोडे मिळून पुरे पडले, हे ऐकून सौभाग्यवतींनी जावयाला दुसऱ्यांदा चहा विचारला, तो पडद्यापलीकडे आहे याचे भान न ठेवता.

प्रत्येक पुंगळी पुन्हा वापरता येते असेही नाही. टोपीखाली मधोमध एकच छिद्र असेल, तर साच्यातली सुई त्यातून जाऊन जुनी टोपी बाहेर ढकलते; ही बॉक्सर पद्धत. बाजूला दोन बारीक छिद्रे असतील तर ती बर्डन, आणि तिथे सुई मोडते. एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज, हायरम बर्डन हा अमेरिकन. तरीही अमेरिकेने इंग्रजाची टोपी उचलली आणि युरोपात अमेरिकनाची खपली. यावर जावईबापू स्वतःच बराच वेळ हसले. मीही हसलो, सासऱ्याला हसावे लागते.

खरा छळ लांबीचा आहे. बार उडाला की पावसाळ्यातल्या दारासारखी पुंगळी फुगून नळीच्या घरात घट्ट बसते. तिला तेलाचा हात लावून साच्यात दाबावे लागते आणि तेल कमी पडले तर ती साच्यातच अडकते. दाबली की ती लांब होते, मग कापावी लागते. तीनशे आठ विंचेस्टर या जातीच्या रायफल-काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, ती कापून २.००५ इंचांवर आणायची, आणि हा इंचाच्या शंभराव्या भागाचा फरक मला फोनवर दिसतो का, असे जावईबापू दर वेळी विचारतात. मला दिसतो, असे मी सांगतो. त्यानंतर वाकवलेली तार पुंगळीत घालून बुडाजवळ आतून खाच लागते का ते चाचपायचे, कारण तिथे पितळ पातळ झाले असेल तर पुढच्या बाराला बूड तुटून वेगळे होण्याचा धोका असतो. अशी पुंगळी ते पकडीने चेपून बाद करतात. सौभाग्यवतींना हे पाहवत नाही; निदान उदबत्ती खोचायला ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

शेजारचे निवृत्त सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे, म्हणजे फौजींच्या गावचे. खरी बंदूक हाताळलेला माणूस या पोरखेळाला चार शब्द सुनावेल, म्हणून मी त्यांना एका रविवारी मुद्दाम बोलावले. "फौजेत मोजणीला एक पुंगळी कमी आली, तर सगळी तुकडी गवतात शोधत बसायची," असे सांगून त्यांनी जावईबापूंची पाठ थोपटण्याची इच्छा व्यक्त केली, आणि आता तेही दर रविवारी पोह्यांना येतात.

"बाबा, तुम्हीही शिकून घ्या," असे जावईबापू परवा म्हणाले, तेव्हा मी तयारीत होतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, हे मी एका दमात म्हणून दाखवले. नोकरीत कलमे पाठ करण्याची लागलेली सवय इतक्या वर्षांनी कामी आली याचे मला समाधान वाटले. जावईबापू शांतपणे म्हणाले की, कायदा सांगलीत लागू आहे, टेक्सासमध्ये नव्हे, आणि तुम्ही दोघे डिसेंबरात इकडे येणारच आहात. मैदानावरून वेचून आणलेल्या न घासलेल्या पुंगळ्यांची बादली त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली असून, बुडावरची अक्षरे वाचून त्यांची कंपनीवार वर्गवारी करण्याचे काम निवृत्त बँकवाल्याला शोभेल, असे त्यांचे मत पडले. सौभाग्यवतींनी चिंच किती किलो आणू, हे विचारून घेतले आहे. मला चष्म्याचा नंबर कळवायचा आहे, कारण भिंग त्या मापाचे मागवायचे आहे.